एकवीस हजारांच्या आत

शिवाजी पार्काच्या आसपास दारिद्र्य राहत असेल अशी कल्पना मुंबईकर सहसा करीत नाही, आणि ज्यांच्या घरात ते राहते त्यांनीही ते शेजाऱ्यांच्या नजरेस पडू नये याची दक्षता इतकी वर्षे इतक्या कसोशीने घेतलेली असते की, चौकशीसाठी दाराशी आलेल्या सरकारी माणसासही ते एकदम ओळखू येत नाही. १९२५ साली महापालिकेने माहीम पार्क या नावाने खुले केलेले आणि दोनच वर्षांनी अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवछत्रपतींचे नाव धारण केलेले हे मैदान, त्याच्या भोवतीचा कट्टा, कट्ट्यापलीकडील गोल सज्ज्यांच्या दोन-तीन मजली इमारती आणि त्यांच्या मधूनच अलीकडे उठलेले काचेचे मनोरे पाहून येणारा-जाणारा मनातल्या मनात येथील जागेच्या भावाचा हिशेब करतो. तो हिशेब खोटा नसतो. मात्र त्या भावाचा आणि आतील माणसाच्या हाती असलेल्या रोकडीचा काही संबंध असलाच पाहिजे असे नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बांधून टाकलेल्या भाड्याच्या खोलीत, पागडीने घेतलेल्या आणि मालकाच्या संमतीवाचून विकता न येणाऱ्या जागेत, कोटींच्या जमिनीवर बसून गॅसचे सिलिंडर या महिन्यात आणावे की पुढच्या, याचा विचार करणारी वृद्ध स्त्री या भागात दुर्मीळ नाही.

महसूल खात्यात अव्वल कारकून आणि पुढे नायब तहसीलदार म्हणून माझी नोकरी झाली. त्यांपैकी बरीच वर्षे मी अनुदानाच्या अर्जांच्या त्या बाजूस बसले होते, आणि निवृत्तीनंतर आमच्या गल्लीतील एका खोलीत सकाळच्या वेळी अर्जदारांची कागदपत्रे जमवून देण्याचे जे काम पत्करले त्यामुळे आता या बाजूस बसते. येणाऱ्यांत दोन प्रकार ठळक आहेत. एक, माहीमच्या कोळीवाड्यातून, प्रभादेवीच्या आणि दादरच्या चाळींतून येणाऱ्या, धुणीभांडी, मासळी, फुलांचे हार यांवर आयुष्य काढलेल्या बाया. आणि दुसरा, पार्काच्याच इमारतींतील पांढरपेशा विधवा, ज्या प्रथम येतात तेव्हा स्वतःसाठी आलेल्याच नसतात, ‘आमच्या ओळखीच्या एक आहेत’ असे म्हणून नियम विचारून जातात आणि पंधरा दिवसांनी पर्समध्ये स्वतःचे पासबुक घालून परत येतात. पहिल्या प्रकारच्या बाईला नियम कळत नाहीत, दुसरीला ते पूर्णपणे कळतात. आणि अनुभव असा की नियमांपुढे दोघींची फजिती सारखीच होते.

नियम म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, राज्याने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. अठरा ते पासष्ट वर्षे वयातील विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अंध व अपंग, क्षय-कर्करोगासारख्या व्याधींनी जर्जर झालेले आणि इतर निराधार यांच्यासाठी ती आहे. पासष्टच्या पुढील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. श्रावणबाळच्या एका गटात दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेले येतात, ज्यांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचाही काही वाटा असतो. आणि दुसऱ्या गटात ज्यांचे नाव यादीत नाही परंतु ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे असे लोक येतात. निराधार योजनेसही हीच एकवीस हजारांची मर्यादा आहे. अपंगांना ती पन्नास हजारांपर्यंत शिथिल केलेली आहे. याखेरीज राज्यात पंधरा वर्षांचा रहिवास, वयाचा पुरावा, आणि एकदा मंजुरी मिळाली की दरवर्षी हयातीचा दाखला. रक्कम एके काळी दरमहा सहाशे होती, २०१९ मध्ये हजार झाली आणि २०२३ मध्ये पंधराशे. या अवधीत मर्यादा मात्र जागची हलली नाही, त्यामुळे आज असा चमत्कारिक देखावा दिसतो की सरकार वर्षाकाठी अठरा हजार रुपये देते आणि ते मिळण्यासाठी अर्जदाराच्या सबंध कुटुंबाने वर्ष एकवीस हजारांत काढलेले असावे अशी अपेक्षा करते.

एकवीस हजारांस बारांनी भागले असता महिन्याला साडेसतराशे येतात. दादरच्या बाजारात साडेसतराशे रुपयांत कुटुंबाचा महिना कसा निघतो हे मर्यादा ठरविणाऱ्यास ठाऊक नसेल असे मी म्हणणार नाही. तथापि ही मर्यादा एकदा कागदावर आली की तिच्या आत बसणारे दाखले आपोआप तयार होऊ लागतात. टेबलाच्या त्या बाजूस असताना उत्पन्नाच्या दाखल्यांवरील आकडे मी पाहत असे, तेव्हा त्यांत अठरा हजार, वीस हजार, साडेवीस हजार हे आकडे इतक्या वारंवार येत की जणू या शहरातील सारे दरिद्री लोक आपसांत ठरवून एवढेच मिळवीत असावेत. दोन घरची धुणीभांडी करणारी बाई महिन्याला चार हजार मिळवते हे विचारणाऱ्यास माहीत असते, सांगणारीस माहीत असते, आणि मधल्या दलालास तर सर्वांत आधी माहीत असते. जी बाई सरळपणे ‘चार हजार’ म्हणते ती बाहेर राहते. दलालाच्या सल्ल्याने जी ‘पंधराशे’ म्हणते तिचा अर्ज पुढे सरकतो. पूर्वी या बोलण्यास प्रतिज्ञापत्राचा मुलामा असे, हल्ली स्वयंघोषणापत्र पुरते. माहिती खोटी ठरल्यास शिक्षेस पात्र राहीन असे त्यात छापलेले असते आणि त्याखाली अंगठा उमटतो.

खेड्यात निदान एक सोय आहे. तलाठी त्याच गावात हिंडतो-फिरतो, कोणाच्या शेतात काय उभे आहे आणि कोणाचा मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो हे त्याला चावडीवरच कळते. मुंबई शहर जिल्ह्याची रचना निराळी. उपनगर जिल्ह्यास अंधेरी, बोरिवली, कुर्ला हे तालुके आहेत, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहर जिल्ह्यास तालुकेच नाहीत. येथे स्थळपाहणीस जाणाऱ्या माणसाला जिन्याखालच्या नावांच्या पाटीखेरीज कोणी ओळखीचे भेटत नाही. तो अर्जदाराच्या खोलीत पाहतो ते भिंतीवरचा दूरदर्शन संच, शीतकपाट, आणि नातवाने दिलेला मोबाइल. यांतील एकही वस्तू बाईने घेतलेली नसते, सगळ्या कोणीतरी नवे घेताना जुने म्हणून दिलेल्या असतात. पण पाहणाऱ्याच्या शेऱ्यात ‘परिस्थिती मध्यम’ हे दोन शब्द येतात आणि अर्ज तेथेच बसतो.

पांढऱ्या शिधापत्रिकेची कथा याहून विलक्षण आहे. १९९९ साली महाराष्ट्र दिनापासून राज्यात तिरंगी शिधापत्रिका आल्या. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, आणि लाखावर पांढरी. पिवळ्या पत्रिकेच्या अटींत घरी दूरध्वनी नसावा अशीही एक अट होती, कारण त्या वेळी दूरध्वनी हे सुस्थितीचे लक्षण होते. आज त्याच बाईला अर्ज भरण्यासाठी स्वतःच्या नावाचा मोबाइल लागतो, त्यावर आलेला सांकेतिक अंक सांगितल्यावाचून अर्ज पुढेच जात नाही. पार्काच्या गल्ल्यांतील ज्या घरांत त्या काळी नवरा एखाद्या कंपनीत, छापखान्यात, विमा कचेरीत नोकरीस होता, त्या घरांनी पांढरी पत्रिका घेतली, आणि काही घरांनी ती थोड्याशा अभिमानानेही घेतली. पुढे नवरा गेला, मुलगा परगावी गेला, पगार गेला. पत्रिका पांढरीच राहिली. तिच्यावर धान्य मिळत नव्हते म्हणून ती कपाटाच्या कोपऱ्यात पडून होती आणि आज अर्जासोबत जोडण्यासाठी बाहेर काढली की तीच बाईच्या विरुद्ध साक्ष देते.

अशाच एका बाईंचा हिशेब मी माझ्या वहीत मांडून ठेवला आहे. यजमान छापखान्यात जुळारी होते आणि पुढे मुद्रितशोधनावर होते. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली त्यांच्या पश्चात बाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, दरमहा अठराशे. बारा महिन्यांचे एकवीस हजार सहाशे. बाई शुद्ध, ठाशीव मराठी बोलतात, पासबुकाच्या पानांना घडी पडू देत नाहीत, आणि त्यांनी मला स्वतःच तो आकडा पेन्सिलीने मांडून दाखविला. “सहाशे रुपये जास्त होतात,” त्या म्हणाल्या, “वर्षाचे. महिन्याचे पन्नास. ते मी परत करते म्हटले तर चालेल का हो?” चालत नाही, निवृत्तिवेतन नाकारण्याची सोय नाही, आणि असती तरी पन्नास रुपये सोडण्याची नसती. बँकेतून जमा होणारा पैसा लपवताही येत नाही. तेव्हा स्थिती अशी की जिच्या दाखल्यावर एकवीस हजारांपर्यंतचा आकडा आहे तिला अनुदानासह वर्षाला एकोणचाळीस हजार मिळतात, आणि जिच्या पासबुकात सहाशे अधिक आहेत ती एकवीस हजार सहाशेंवर थांबते. भाड्याची पावती अद्याप सासऱ्यांच्या नावे येते, विजेचे देयक यजमानांच्या नावे. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा म्हणून ज्या घरात पन्नास वर्षे राहिल्या त्या घराचा एकही कागद त्यांच्या नावचा नव्हता, हा भाग निराळा. तो आम्ही जुन्या मतदारयादीवरून कसाबसा सिद्ध केला. उत्पन्नाचे सहाशे रुपये मात्र सिद्धच होते.

या सगळ्यात २०२४ च्या जुलैपासून एक नवी गोष्ट घडली. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेखाली एकवीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांना दरमहा पंधराशे रुपये मिळू लागले. येथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाच्या दाखल्याची सक्ती नाही; घरात कोणी आयकर भरणारा, सरकारी नोकर किंवा ट्रॅक्टरखेरीज चारचाकी असू नये, आणि दुसऱ्या योजनेतून दरमहा पंधराशे मिळत असू नयेत, अशा अटी घालण्यात आल्या. माझ्या खोलीतील गर्दी त्या पावसाळ्यात एकदम पाचपट झाली आणि मग ओसरली, कारण बहुतेकींचे काम झाले. त्या योजनेच्या राजकारणाविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही. मी मर्यादेपुरते बोलते. एकाच सरकारने, एकाच रकमेसाठी, एका दालनात अडीच लाखांची रेषा आखली आणि शेजारच्या दालनात एकवीस हजारांची. आणि या दोन रेषांमध्ये जी बाई सापडते ती कोणत्याही कल्पिलेल्या उदाहरणातील नसून दर महिन्यास माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसते.

तिला पासष्टावे वर्ष पुरे होते. चौसष्टाव्या वर्षी कुटुंबाचे उत्पन्न दीड लाख असताना ती गरजू होती, तिला पंधराशे मिळत होते. पासष्टी उलटताच ती बहिणीच्या यादीतून बाहेर येते, श्रावणबाळच्या दारात जाते, आणि तेथे तेच दीड लाख तिला सुखवस्तू ठरवितात. हात अधिक थकले, गुडघे गेले, दोन घरांचे एक घर झाले, आणि नेमक्या त्या मुहूर्तावर सरकारदरबारी तिची गरज संपली.

प्रभादेवीकडून येणाऱ्या एका बाईच्या बाबतीत तो मुहूर्त एक जानेवारीचा निघाला. आधारपत्र काढताना जन्मतारीख विचारली, तिला ती ठाऊक नव्हती. वय विचारले, तिने अदमासे सांगितले. यंत्रावर बसलेल्या मुलाने वर्ष वजा करून पुढे एक जानेवारी टाकली. माझ्याकडे येणाऱ्या तिच्या पिढीच्या कितीतरी बायका अशा एक जानेवारीलाच जन्मल्या आहेत. “ताई,” ती मला म्हणाली, “माझा जन्म भाताच्या लावणीतला. आई सांगायची, पाऊस थांबंना म्हणून सुईण आली नाही. जानेवारीत कुठली लावणी? निदान सहा महिने तरी मागं घ्या की!” आधारावरील जन्मतारीख बदलण्यासाठी जन्माचा कागद लागतो आणि लावणीच्या पावसाची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. मी तिला श्रावणबाळचा अर्ज दिला. त्यात ‘कुटुंबाचे उत्पन्न’ हा रकाना आला आणि खरी अडचण तेथे सुरू झाली.

कुटुंब म्हणजे कोण, या प्रश्नावर आर्थिक पात्रतेचा सगळा डोलारा उभा आहे. मुलगा नालासोपाऱ्यास राहतो, कुरिअरच्या कचेरीत पंधरा हजारांवर आहे, त्याला दोन मुले आहेत; शिधापत्रिका मात्र अजून प्रभादेवीच्या पत्त्यावर एकत्र आहे. पत्रिकेवर नाव आहे म्हणून त्याचे पंधरा हजार आईच्या उत्पन्नात येतात, हातात येवोत वा न येवोत. मार्ग दोन. पत्रिका विभक्त करून घ्यावी, ज्यासाठी मुलाने रजा काढून शिधावाटप कार्यालयात खेपा घातल्या पाहिजेत. किंवा मुलगा आपला सांभाळ करीत नाही असे आईने लिहून द्यावे. पहिल्यास वेळ लागणार होता, म्हणून बरोबर आलेल्या शेजारणीने दुसरा सुचविला. बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “असं नाही लिहायची मी. येतो तो. गणपतीला येतो, दिवाळीला साडी आणतो. त्याचं त्याला पुरत नाही, म्हणून काय तो बघत नाही असं लिहू?” शेजारीण म्हणाली, “अगं, कागदावर लिहायचं नुसतं, खरं थोडंच आहे!” “खरं नाही म्हणूनच तर लिहायचं नाही,” बाई म्हणाली आणि अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली.

मुलासही भीती होती, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्याप्रमाणे सांभाळ न करणाऱ्या मुलाकडून दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता वसूल करण्याचा हुकूम होऊ शकतो. आईने एका कार्यालयात लिहून दिलेला कागद दुसऱ्या कार्यालयात आपल्याविरुद्ध उभा राहील अशी त्याची समजूत. गरिबीचा दाखला मिळविण्यासाठी आपल्या माणसांविरुद्ध जबाब द्यावा लागणे हा या नियमांतील सर्वांत क्रूर भाग आहे, असे माझे मत टेबलाच्या दोन्ही बाजूंस बसून झाले आहे. निराधार योजनेत तर अशी तरतूद आहे की मुले पंचवीस वर्षांची होईपर्यंत किंवा नोकरीस लागेपर्यंतच लाभ चालावा, मात्र सर्व मुलीच असतील तर त्या मोठ्या झाल्या वा त्यांचे लग्न झाले तरी तो चालू ठेवावा. मुलगा सांभाळतो आणि मुलगी परक्याघरी जाते, हे गृहीत जुन्या जगाचे आहे. पार्काच्या इमारतींत मी पाहते ते असे की मुलगा कॅलिफोर्नियातून दूरचित्रसंभाषण करतो, आणि डोंबिवलीची मुलगी दर आठवड्यास लोकलने येऊन औषधांच्या डब्या भरून जाते.

टेबलाच्या त्या बाजूची कैफियतही मांडली पाहिजे, नाहीतर लिहिणे एकतर्फी होईल. मंजुरी देणाऱ्या समितीत अशासकीय सदस्य असतात, त्यांचे आपापले लोक असतात. यादी वाढते, निधी ठरलेला असतो. वर्षा-दोन वर्षांनी लेखापरीक्षण येते आणि परीक्षकाच्या हाती मोजपट्टी एकच, ती म्हणजे कागद. एकवीस हजार सहाशेंच्या दाखल्यावर मंजुरी देणाऱ्या कारकुनाच्या नावे आक्षेप निघतो, वसुलीचा प्रश्न येतो. साडेवीस हजारांच्या उघड खोट्या दाखल्यावर मंजुरी देणाऱ्याच्या नावे काहीच निघत नाही. अशा व्यवस्थेत कारकून निर्दय होतो असे लोक म्हणतात. माझ्या पाहण्यात तो निर्दय क्वचितच होता. तो भित्रा मात्र बहुतेक वेळा होता, आणि त्याला भित्रा ठेवण्याची सर्व तजवीज नियमांत होती.

कोणास द्यावे आणि कोणास देऊ नये हा प्रश्न आजचा नाही. पेशवाईच्या दप्तरात लढाईत कामास आलेल्या शिपायाच्या बायकामुलांच्या नावे बालपरवेशीच्या नेमणुका सापडतात. तेथे उत्पन्न विचारीत नसत, मनुष्य सरकारकामी पडला एवढे पुरे होई. आपल्याच राज्याने याहून सुंदर उत्तर शोधले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी, जिचा कायदा १९७७ साली झाला, तिने दाखला मागितलाच नाही. जो उन्हात खडी फोडावयास येतो तो गरजू, ही तिची कसोटी. आणि तिच्या खर्चासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसविला गेला, जो पार्काच्या याच इमारतींतील पगारपत्रकांतून वर्षानुवर्षे कापला जात होता. परंतु सत्तर वर्षांच्या म्हातारीला खडी फोडावयास लावता येत नाही. वृद्धांच्या आणि अपंगांच्या बाबतीत गरज स्वतः चालत येऊन सिद्ध होत नाही, ती कोणीतरी मोजावीच लागते. म्हणून मर्यादा नकोच असे म्हणणाऱ्यांत मी नाही. तिजोरीस तळ असतो हे ज्याने ताळेबंद लिहिले आहेत त्याला समजावून द्यावे लागत नाही.

प्रश्न रेषा कशी आखावी याचा आहे, आणि तो इतरांनी आपल्या आधी सोडवून पाहिला आहे. विलायतेत १९०८ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला आणि १९०९ च्या पहिल्या दिवसापासून टपालकचेऱ्यांतून पैसे वाटले जाऊ लागले. सत्तरी उलटलेल्यास आठवड्याला पाच शिलिंग. आणि योगायोग असा की पुऱ्या रकमेसाठी उत्पन्नाची मर्यादा तेथेही एकवीसचीच होती, वर्षाला एकवीस पौंड. परंतु एकवीस पौंडांवर चार पेन्स अधिक मिळविणाऱ्या म्हाताऱ्यास तो कायदा दाराबाहेर घालवीत नसे. उत्पन्न वाढेल तसा एकेक शिलिंग कमी होत जाई आणि साडेएकतीस पौंडांपुढे तो बंद होई. दक्षिण आफ्रिकेत आजही वृद्धांच्या अनुदानास उत्पन्नाची कसोटी आहे. ती अर्जदार आणि त्याचा जोडीदार या दोघांपुरती मोजतात, मुलांची कमाई त्यात धरीत नाहीत, आणि अर्जदार ज्या घरात राहतो त्या घराची किंमत मालमत्तेत घेत नाहीत. या दोन गोष्टी आपल्याकडे असत्या तर छापखान्याच्या जुळाऱ्याच्या पत्नीला पंधराशे नाहीत तरी चौदाशे मिळाले असते, आणि प्रभादेवीच्या बाईवर मुलाविरुद्ध लिहून देण्याची पाळी आली नसती.

यात अशक्य असे काय आहे? उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवूनही योजना चालविता येते हे सरकारने स्वतःच दाखविले आहे. सर्वांस अडीच लाख झेपत नसेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली शहरी कुटुंबासाठी राज्याने मानलेली ५९,००० रुपयांची मर्यादा तयारच आहे; ज्या कुटुंबास सरकार स्वस्त धान्याचे हक्कदार समजते त्यातील म्हातारी निवृत्तिवेतनासाठी मात्र सधन, असे म्हणण्यास कोणता आधार आहे हे मला नोकरीतही कोणी सांगितले नाही. मर्यादा वाढविली की अर्ज वाढतील आणि खर्च वाढेल, हे खरे. पण आज जे वाचते ते खरे बोलणाऱ्यांच्या वाट्याचे वाचते, आणि अशी बचत सरकारने करू नये असे मला स्पष्टपणे वाटते. श्रावणबाळ आणि निराधार या दोन्ही योजनांस निदान ५९,००० ची मर्यादा लावावी, उत्पन्न अर्जदार व जोडीदार यांचेच धरावे, आणि पासष्टी ओलांडणाऱ्या बहिणीचे नाव एका यादीतून काढताना त्याच कागदपत्रांवर दुसऱ्या यादीत घ्यावे. तिसऱ्या गोष्टीला तर नवा पैसाही फारसा लागणार नाही, दोन खात्यांनी एकमेकांस एक यादी पाठवावयाची आहे.

तोवर या मजकुराच्या वाचकांस एक विनंती आहे. आपल्या घरी वर्षानुवर्षे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईला तिच्या आधारपत्रावरील जन्मतारीख एकदा विचारावी. तिला चौसष्टावे लागले असेल तर मुलांच्या नावांपासून शिधापत्रिका विभक्त करण्याचा अर्ज आताच द्यावा, कारण त्यास महिने लागतात. मतदारयादीतील जुन्या नोंदी, मुलांच्या शाळेचे दाखले, दवाखान्याची जुनी कागदे यांतून पंधरा वर्षांचा रहिवास जुळवून ठेवावा. आणि ज्या बँक खात्यास आधार जोडलेले आहे ते चालू असल्याची खात्री करावी. हे काम दोन-तीन सकाळींचे आहे, आणि ज्यांना वाचता-लिहिता येते त्यांनी ते केले तर दलालाला द्यावे लागणारे पैसे वाचतात.